कणगीतली मोटार

कुठं भाताचं तूस वाऱ्यावर उडताना दिसलं की मला अजूनही ती मोटार आठवते. पोलिसाच्या आठवणी म्हणजे दरोडे, खून आणि पाठलाग असं लोकांना वाटतं. ते सगळं माझ्याही नोकरीत झालं. पण निवृत्तीनंतर सकाळी चहाचा कप हातात घेऊन ओट्यावर बसलो की आपणहून मनात येतं ते एका मोडक्या मोटारीचं प्रकरण. त्यात कुणी मेलं नाही आणि कुणाला शिक्षाही झाली नाही. उलट त्यातल्या माणसांचे मी मनातल्या मनात किती वेळा आभार मानले, त्याला गणती नाही. नावं मी मुद्दाम गाळली आहेत.

तेव्हा भोरला संस्थान होतं आणि मी संस्थानच्या पोलिसात नुकताच फौजदार झालो होतो. अंगावरचा गणवेश अजून कडक होता आणि स्वभावही. ठाण्यात रोज येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या. कुणी बांध कोरला, कुणाचा बैल दुसऱ्याच्या भातात शिरला, बाजारात कुणाचं मुंडासं उडालं. मोटार हा विषय आमच्या ठाण्यात कधी येतच नसे, कारण सगळ्या मुलखात मोटारी होत्या किती! वेल्ह्याच्या खोऱ्यात एखादी मोटार शिरली तर गुराखी गुरं सोडून तिच्यामागं धावत.

अशीच एक मोटार वर्षातून एकदा त्या खोऱ्यात येई. दक्षिणेकडच्या एका संस्थानात राहणारं एक श्रीमंत घराणं होतं. त्यांचं मूळ आमच्या वेल्ह्याकडचं, त्यामुळं कुलदेवी इकडंच राहिलेली. घरातल्या बाईसाहेब दरवर्षी देवीच्या दर्शनाला येत. यजमान वारून बरीच वर्षं झाली होती. त्यांनी हौसेनं विलायतेहून मागवलेली ती गाडी बाईंनी जिवापाड जपली होती. मोठमोठे पितळी दिवे, कातड्याच्या गाद्या, खिडक्यांना रेशमी पडदे, दारांना आतून कातडी खिसे. गाडीचा ड्रायव्हर मात्र आमच्याच खोऱ्यातला, पलटणीत गाडी शिकून आलेला.

त्या वर्षी दर्शन आटोपून परतताना पाऊस लागून गेला होता. गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाला एका वाडीजवळ रस्ता दरीच्या कडेनं जातो. तिथं माती सुटलेली पाहून ड्रायव्हरनं गाडी थांबवली, बाईंना आणि त्यांच्याबरोबरच्या मोलकरणीला उतरवलं, आणि गाडी एकट्यानं पुढं काढली. कडा खचली. गाडी घसरत गेली आणि उतारावरच्या झाडांना अडकून आडवी झाली. ड्रायव्हर बाहेर फेकला गेला, गळ्यापाशी हाड मोडलं, पण वाचला. वाडीची माणसं धावली. बाईंना एका म्हातारीच्या पडवीत बसवून दूध दिलं, नसरापूरपर्यंत बैलगाडीनं पोचवलं. घरी गेल्यावर बाईंनी तापानं अंथरूण धरलं.

श्रावणात त्यांचे कारभारी मोटार न्यायला आले. पाहतात तर झाडाला नुसता लोखंडी सांगाडा! इंजिन नाही, चाकं नाहीत, दिवे नाहीत, गाद्या नाहीत. वाडीत विचारलं तर लहानथोर एकच उत्तर देत: "आमाला ठावं न्हाई." कारभारी तडक भोरला आले आणि बाईंच्या सहीची फिर्याद माझ्या टेबलावर ठेवली. आरोप असा की, ड्रायव्हरनं गावच्या लोकांशी संगनमत करून गाडी मोडून विकली.

ड्रायव्हर त्या वाडीतच सापडला. हात झोळीत बांधलेला, दाढी वाढलेली. त्याला आणून कोठडीत घातलं आणि जबाब घ्यायला बसलो.

"गाडीचं सामान कुठं गेलं?"

"हाय की, साहेब."

"कुठं आहे?"

"सांगता येत न्हाई."

"येत नाही, की सांगत नाहीस?"

त्यानं जरा विचार केला. "दोनी."

"म्हणजे विकलंस."

"इकलं आसतं तर हितं गावलो आसतो व्हय, साहेब? मुंबय गाठली आसती."

माझे हवालदार जुने. त्यांच्या मते असल्या उत्तरांवर एकच औषध होतं आणि ते भिंतीला टेकवून ठेवलेलं असे. मी त्यांना थांबवलं, पण माझाही पारा चढला होता. मी त्याला स्पष्ट सांगितलं, की गुन्हा शाबीत झाला तर सक्तमजुरी होईल, आणि सुटून आल्यावर त्याच्या हाती पुन्हा कुणी गाडी देणार नाही. त्यावर तो पहिल्यांदाच खाली बघत बोलला. "हाड बसंल, साहेब. नाव गेलं की त्ये कुठं बसतंय? पर मला बोलता येत न्हाई. बाईसाहेबांना हितं आना, मंग समदं सांगतो."

बाई तर अंथरुणावर. त्यांना पत्र लिहावं, तर त्यांचा सगळा पत्रव्यवहार कारभाऱ्यांच्याच हातून होई. प्रकरण तिथंच अडकलं आणि ड्रायव्हर कोठडीत बसला.

बातमी मिळाली ती अगदी वेगळ्या माणसाकडून. वेल्ह्याच्या बाजारात एक कासार बसायचा. सणावाराला तो वाड्यावस्त्यांवर बांगड्या भरायला फिरायचा. कासाराला कुठल्याही घरात मज्जाव नसतो. बायका आत बोलावतात, चहागूळ देतात, घरोघरचं सुखदुःख त्याच्या कानावर पडतं. पोलिसानं गावात कुणाशी ओळख ठेवावी असं मला कुणी विचारलं तर मी आधी कासाराचं नाव घेईन. तर हा कासार मला बाजूला घेऊन म्हणाला, "फौजदारसायेब, त्या वाडीत कायतरी गडबड हाय बगा. औंदा पंचमीला बांगड्या भराया गेलो, तर एका बी घरात मला उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई. समद्या बायांनी ओट्यावर बसून बांगड्या भरून घेतल्या. आसं कदी झालं न्हवतं."

भाद्रपदात पाऊस जरा उघडल्यावर मी हवालदार आणि दोन शिपाई घेऊन वाडीवर गेलो. आधी मी नुसता हिंडलो. चोरीचा माल गावात जिरला की तो कुठं ना कुठं डोकं वर काढतो. काचेचा तुकडा आरसा होतो, पत्र्याचा कोंबड्यांना आडोसा होतो, कातड्याच्या वहाणा होतात. ज्या वाडीत फुटकं मडकंसुद्धा कुणी टाकत नाही, तिथं एवढी मोठी मोटार नाहीशी झाली होती आणि तिचा खिळाही कुठं वापरात दिसत नव्हता. हे मला खटकलं.

मग घरांत शिरलो. दुसऱ्याच घरात मी थबकलो. कोपऱ्यात भात साठवायची बांबूची कणगी होती, पुरुषभर उंच, आणि तिचं तोंड शेणानं लिंपून बंद केलेलं. माझं बालपण खेड्यात गेलेलं. भाद्रपदात कणगी कशी असते ते मला ठाऊक होतं. जुनं भात संपत आलेलं, नवं अजून शेतात हिरवं. घरची बाई रोज कणगीत वाकून तळ खरवडत असते. भरलेली, लिंपलेली कणगी दिसायची ती सुगीनंतर. मी पुढच्या घरात गेलो, तिथंही लिंपलेली. त्याच्या पुढच्यातही. सगळ्या वाडीला ऐन भाद्रपदात सुगी झाली होती!

हवालदारांच्याही लक्षात आलं. त्यांनी एका कणगीवर काठी उगारली. तेवढ्यात घरची म्हातारी मध्ये उभी राहिली. हीच ती, जिच्या पडवीत बाईंना बसवलं होतं. सगळी वाडी तिला आक्का म्हणे.

"आज्जी, ह्यात काय आहे?" मी विचारलं.

"आमचं काय बी न्हाई."

"मग कुणाचं आहे?"

"ज्याचं हाय त्याचं."

"मी सरकारचा माणूस आहे. फोडून बघू शकतो."

"फोडा की. सरकारचा हात कोन धरनार?" ती शांतपणे म्हणाली. "पर आमी आमच्या हातानं देनार न्हाई, आन् हाय म्हून बी सांगनार न्हाई. बाईचं हाय त्ये बाईच्याच हातात पडंल."

मी हवालदारांना काठी खाली घ्यायला लावली. ते घुश्श्यातच बाहेर गेले. मी पाटलांना चावडीवर बोलावलं. पाटील मितभाषी, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली आणि मग बोलले.

"कणग्यांनीच तुमाला सांगितलंय, आता म्या लपवून काय उपेग? देवीचा बेलभंडार उचललाय, सायेब. समद्या वाडीनं. ड्रायव्हरनं बी."

"कशासाठी?"

"गाडी झाडाला आडाकली हुती. खाली माती सुटत व्हती. ऱ्हाऊ दिली आसती तर पार नदीत गेली आसती. ड्रायव्हर म्हनला, आपन खोलून ठिवू. त्यो एका हातानं दावीत गेला, पोरांनी खोलली, इंजान बैलं लावून वर वढलं. पावसात गंजू नगं म्हून तुसात घालून कणगीत ठिवलं. आन् आक्कानं हेका धरला, की देवीम्होरं समद्यांनी आन घ्याची. मालकिनीच्या हातात द्याचं, मधल्या कुनाला दावायचं बी न्हाई."

"कारभारी तर त्यांचाच माणूस होता."

"त्यो मधलाच की."

"पण आक्कांनी एवढा हट्ट का धरला?"

पाटलांनी मान हलवली. "त्ये तिलाच ठावं. पर आक्का उगा हेका धरीत न्हाई."

मी कपाळाला हात लावला. या भल्या माणसांनी एवढी मोठी गाडी जिवापलीकडं सांभाळली होती, आणि जी राखायला निघाले तिच्याच चोरीचा आळ स्वतःवर ओढवून घेतला होता. शपथ अशी घेतली की खरं बोलायलाही जागा उरली नाही. आणि त्यापायी एक माणूस माझ्या कोठडीत बसला होता. मी कणग्या फोडल्या असत्या तर माल घरांतून जप्त झाल्याचा पंचनामा झाला असता, आणि मग ड्रायव्हरच काय, सगळी वाडी आरोपी झाली असती. कायद्याच्या कागदावर बेलभंडाराला रकाना नाही.

परत येऊन मी वरिष्ठांपुढं उभा राहिलो. म्हटलं, मुद्देमालाची ओळख मालकानं पटवायची असते. मालकीणबाई इथं येऊ शकत नाहीत, तेव्हा मुद्देमालच त्यांच्याकडं नेऊ. पाटील आरोपीला जामीन राहायला तयार आहेत.

"मुद्देमाल म्हणजे मोटार," साहेब म्हणाले. "ती नेणार कशी?"

"जोडून. चालवत."

"चालवणार कोण?"

"आरोपी."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. "आणि तुम्ही त्याच्या शेजारी बसणार? तो पळून गेला तर?"

"साहेब, त्याच्याशिवाय गाडी हलायची नाही, आणि गाडी बाईंच्या दारात नेल्याशिवाय त्याचं नाव सुटायचं नाही. तो कुठं जातोय?"

साहेब हसले. त्यांनी न्यायाधीशांकडून परवानगी आणून दिली, त्याबद्दल मी त्यांचाही ऋणी आहे. दुसरा कुणी असता तर माझीच चौकशी लावली असती.

माल थेट बाईंच्या हातात जाईल असा मी शब्द दिला, तेव्हा वाडीनं कणग्या उघडल्या. दसरा झाला, रस्ते वाळले, आणि गुंजवण्याकडून बैलगाड्यांची रांग भोरला आली. मोटार तुकड्यातुकड्यांनी आली, पण सगळी आली. नटबोल्ट एका बाईच्या जुन्या चोळीत गाठ मारून बांधलेले होते. एका लोहाराच्या पडवीत ड्रायव्हर आणि लोहार कामाला लागले. ज्या ऐरणीवर नांगराचे फाळ होत, तिथं विलायती मडगार्ड सरळ झाले. मोडकी चौकट सुतारानं बाभळीच्या लाकडाची केली. काचा गेल्या त्या गेल्याच. गाद्यांचं कातडं उंदरांनी खाल्लं होतं, तिथं घोंगड्या ठोकल्या. ज्या दिवशी इंजिन पहिल्यांदा धडधडलं त्या दिवशी सायलेन्सरमधून धुराआधी भाताचं तूस बाहेर आलं आणि पडवीतली सगळी माणसं तुसानं माखली.

मार्गशीर्षात आम्ही निघालो. ड्रायव्हर स्टिअरिंगवर, शेजारी मी, मागं पाटील आणि आक्का. शपथ आपल्या हातानं फेडायची म्हणून वाडीनं त्या दोघांना धाडलं होतं. पाटलांनी ठेवणीतला पटका बांधला होता. आक्का गादीच्या मधोमध मांडी घालून बसली होती आणि तिच्या मांडीवर एक गाठोडं होतं. ते तिनं वाटेत एकदाही खाली ठेवलं नाही.

"आज्जी, काय आहे त्यात?"

"भाकर हाय. चटणी हाय."

माझ्या पिशवीत नियमाप्रमाणं बेडी होती. शिरवळ मागं पडल्यावर ड्रायव्हर ती पाहून म्हणाला, "घालायची आसंल तर आत्ताच घाला, साहेब. म्होरं खंबाटकीचा घाट हाय. तितं माजे हात बांधले तर बिरेक तुमाला मारावा लागंल." मी पिशवीचं तोंड बंद केलं. घाटात पाटील आपणहून खाली उतरले आणि हातात भला मोठा धोंडा घेऊन गाडीमागून चालू लागले. गाडी दमून थांबली की ते चाकामागं धोंडा सरकवत. ती विलायती मोटार, तिच्या घोंगड्याच्या गाद्या, आणि मागून धोंडा घेऊन चालणारे पटकेवाले पाटील! समोरून येणारे गाडीवान बैल थांबवून बघत राहायचे.

रस्त्याला गावोगाव लोक जमायचे. एवढ्या मोठ्या गाडीत कुणीतरी राणीसाहेब असणार, म्हणून साताऱ्याच्या पुढं एका गावात माणसांनी लवून मुजरे केले. आक्कानं गाठोड्यावरचा एक हात उचलून "रामराम, बाबांनो, रामराम" केलं. ड्रायव्हर इतका हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. अटक झाल्यापासून तो हसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

कऱ्हाड ओलांडल्यावर इंजिनाच्या पाण्याची टाकी गळायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, टाकीत हळद टाकली तर भोक बुजतं. हळद कुठून आणायची? आक्का म्हणाली, माझ्याकडं आहे. पण गाठोडं सोडताना ती आमच्याकडं पाठ करून झाडाआड गेली. परत आली ती हळदीची पुडी घेऊन, आणि गाठोडं पुन्हा घट्ट बांधलेलं. त्या वेळी माझ्यातल्या पोलिसाचे कान टवकारले हे कबूल करतो. भाकरी दाखवायला कुणी एवढं लाजत नाही. पण मी विचारलं नाही. वाटेत धर्मशाळांत मुक्काम करत, थांबत, टाकी भरत आम्ही कोल्हापूर मागं टाकलं आणि अखेर बाईंच्या दारात जाऊन उभे राहिलो.

कारभारी बाहेर आले. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, प्रत्येक पोच्यावर बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "ही काय गाडी म्हणायची? ओळख पटवण्यासारखं राहिलंय काय हिच्यात? बाईसाहेबांना त्रास देण्याचं कारण नाही. मी पोच लिहून देतो." पाटील हात जोडून उभे होते. आक्का मात्र त्यांच्याकडं न बघता पायऱ्या चढायला लागली.

बाई आतल्या खोलीत लोडाला टेकून बसल्या होत्या. पांढरं पातळ, मोकळं कपाळ, आजारानं चेहरा वाळलेला. आक्का जाऊन त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

"वळाकलं का मला?"

"तुम्ही मला दूध दिलं होतं," बाई म्हणाल्या.

"ह्या मानसांना भाईर जाऊ द्या."

कारभारी काही बोलणार होते, पण बाईंनी हात वर केला. ते गेले. मी दारात घुटमळलो. म्हटलं, "बाईसाहेब, माफ करा. ओळख माझ्यासमोर पटली पाहिजे, असा नियम आहे."

आक्कानं मला नीट न्याहाळलं. मग म्हणाली, "तुमी कणगी फोडली न्हाई. ऱ्हावा."

तिनं गाठोडं सोडलं. वरती भाकरीचं फडकं होतं, त्याखाली घोंगडीचा तुकडा, आणि त्या तुकड्यात चांदीचा एक लहानसा करंडा. कुंकवाचा.

बाईंनी तो पाहिला आणि दोन्ही हात तोंडावर घेतले.

"दाराच्या खिशात व्हता," आक्का सांगू लागली. "गाडी खोलताना माज्याच हाताला लागला. बाकी कुनी बगितला न्हाई. एकडाव उगडला, आत ताजं कुकू. तुमाला तर म्या पांढऱ्या लुगड्यात बगितल्यालं. म्हनलं, ह्यो करंडा मधल्या कुनाच्या हाती लागला तर बाईला घरात मान वर करता यायची न्हाई. एकलाच लपवला आसता तर तुमच्यापत्तूर पोचवाया मला कोन येऊ देनार व्हतं? म्हून मंग समद्या गाडीवरच बेलभंडार उचलाया लावला."

बाईंनी तोंडावरचे हात खाली घेतले. "त्यांनी दिला होता, लग्नात," त्या म्हणाल्या. "ते गेल्यावर माझं सगळं काढून घेतलं. एवढा मी त्यांच्या गाडीत लपवला. या घरात माझी म्हणावी अशी दुसरी जागाच नव्हती. वर्षातून एकदा देवीला जाताना, डोंगर दिसायला लागले की मी तो हातात धरायची." मग म्हणाल्या, "गाडीची काळजी नव्हती मला. करंडा कुणाला सापडला असेल, तो कुणापुढं उघडेल, याच भीतीनं मी झुरत होते. कारभारी म्हणाले ड्रायव्हरनं गाडी विकली, मी काही न विचारता सही केली. भ्याले मी."

आक्कानं करंडा त्यांच्या ओंजळीत ठेवला. "माजा मालक गेला तवा म्या माजा करंडा नदीत सोडला. समद्या म्हनल्या, सोड, म्या सोडला. आजून याद येती. तुमी ठिवलाव, लई बरं केलंत."

त्या दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. मी भिंतीकडं तोंड केलं. माझे डोळे भरून आले होते, आणि फौजदारानं रडू नये अशी माझी तेव्हा समजूत होती.

थोड्या वेळानं बाईंनी मला हाक मारली. "फौजदारसाहेब, तुम्हाला पंचनामा लिहावा लागेल. त्यात हे..."

"पंचनामा मोटारीचा आहे, बाईसाहेब," मी म्हणालो.

त्या दिवशी बाई कितीतरी महिन्यांनी जिना उतरल्या. गाडीचं बाभळीचं दार, ठोकलेले मडगार्ड, घोंगड्याच्या गाद्या सगळं हात लावून पाहिलं. दार उघडताच तूस भुरभुरलं आणि त्या हसल्या. कारभाऱ्यांना त्यांनी सर्वांसमोर सांगितलं, "गाडी माझीच आहे. पूर्ण आहे. फिर्याद मागं घ्यायची." मग ड्रायव्हरकडं वळल्या. "माझी चूक झाली. या जागेवर तुझ्याशिवाय कुणी बसायचं नाही." ड्रायव्हरनं तोंड फिरवून टोपीनं काच पुसली. त्या बाजूला काचच नव्हती.

"मला एक चक्कर मार," बाई म्हणाल्या आणि मागं जाऊन बसल्या. मी दार लावून घेत होतो तेव्हा त्यांची बंद मूठ दाराच्या आतल्या खिशात गेली, आणि हात रिकामा बाहेर आला.

प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीनं परत येताना आक्काचं गाठोडं सुटलेलं होतं, फडकं नुसतं घडी करून खांद्यावर टाकलेलं. ती खिडकीतून बाहेर बघत सगळ्या वाटभर बोलत होती. पाटील मला म्हणाले, "आदी कदी एवडी बोलली न्हाई बगा."

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं नोकरी केली. संस्थान विलीन झालं, पोलिसांचा गणवेश बदलला, बदल्या झाल्या. किती तरी माणसं माझ्यासमोर गप्प बसली. त्यातली बहुतेक स्वतःला वाचवण्यासाठी गप्प होती, ते मी नाकारत नाही. पण त्या वाडीनंतर मी कुणावर आवाज चढवण्याआधी मनाशी विचारायचो, हा माणूस कुणासाठी गप्प असेल? तेवढ्या एका प्रश्नानं माझ्या हातून होणारे कितीतरी अन्याय टळले. माझे हवालदार निवृत्त होताना मला म्हणाले, "तुमी तवा काठी खाली घ्याया लावलीत, बरं झालं." त्यांना करंड्याचं शेवटपर्यंत कळलं नाही.

आता आक्का नाही, बाई नाहीत, ड्रायव्हरही गेला. बायकांना करंडा लपवावा लागू नये असे दिवस थोडेफार तरी आले आहेत, म्हणून हे लिहायचं धाडस केलं. एका अनोळखी बाईची लाज राखायला वाडीनं चोर म्हणवून घेतलं, आणि का ते एकीलाच माहीत होतं. आक्कानं मला त्या खोलीत थांबू दिलं. माझ्या नोकरीत मला पुष्कळ शाबासक्या मिळाल्या, पण "ऱ्हावा" एवढ्या त्या एका शब्दाची बरोबरी कशालाच आली नाही.